कालव्याकाठची उन्हाळी बाग आणि तिची दुखणी

चैत्र सरून वैशाख लागला म्हणजे भवानीनगर येथील श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम उरकलेला असतो, उसाच्या गाड्यांची वर्दळ थांबलेली असते, सणसर, जाचकवस्ती, बेलवाडी, अंथुर्णे या गावांच्या शिवारात रब्बीची ज्वारी, हरभरा व गहू केव्हाच खळ्यावरून घरी आलेले असतात आणि त्यांची राने नांगरून उन्हात तापत पडलेली असतात. अशा वेळी घराच्या परसदारी, न्हाणीच्या सांडपाण्यावर किंवा विहिरीच्या उरल्यासुरल्या पाण्यावर जगविलेली जी दोन-चार गुंठ्यांची बाग असते, तीच तेवढी, ऊस सोडला तर, त्या टापूत कोवळी व रसाळ राहते. उन्हाळ्यात बागेवर किडींचा एवढा मारा का होतो, याचे पहिले कारण या एका वस्तुस्थितीत आहे. शेते मोकळी झाली म्हणून मावा, फुलकिडे, पांढरी माशी किंवा कोळी हे जीव नाहीसे होत नाहीत. ते निर्वासित होतात आणि जेथे हिरवे पान दिसेल तेथे आश्रय घेतात. दुसरे कारण उष्णतेचे. थंडीत ज्या कोळ्याची एक पिढी पुरी व्हायला तीन आठवडे लागतात, तिला वैशाखात आठ-दहा दिवस पुरतात, आणि पावसाची एखादी जोरदार सर त्याला धुऊन काढील म्हणावे, तर वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या बारामती-इंदापूरच्या या अवर्षणप्रवण मुलखात मृग निघेपर्यंत तशी आशा धरण्यात अर्थ नसतो.

परंतु किडीची चर्चा करण्यापूर्वी एक प्राथमिक चौकशी अवश्य केली पाहिजे, कारण ती न केल्यामुळे जितके पैसे व जितके विष वाया जाते, तितके दुसऱ्या कोणत्याही चुकीमुळे जात नाही. ती चौकशी अशी की, समोर दिसणारी विकृती ही मुळात एखाद्या सजीव शत्रूची करणी आहे काय? भाटघरच्या साठ्यावर अवलंबून असलेला निरा डावा कालवा या भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, त्याने दुष्काळी माळाचे बागायतीत रूपांतर केले, आणि त्याच्या पाठोपाठ जमिनीत क्षार वर येण्याचा प्रश्नही आला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी निरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरील आपली पुस्तिका १९१० साली प्रसिद्ध केली. म्हणजे हा प्रश्न सरकारदप्तरी शंभर वर्षांहून अधिक काळ दाखल आहे. खारवट जमिनीतील झाडाची जुनी, खालची पाने टोकाकडून व कडेने करपत आत येतात, आळ्याच्या कडेला पांढरा पापुद्रा जमतो, आणि ही करपलेली कड पाहून करप्याचे औषध आणणारा मनुष्य दुकानदाराखेरीज कोणाचेच हित करीत नाही.

टोमॅटोच्या फळाच्या बुडाशी पडणारा काळा, चामड्यासारखा, किंचित खोलगट डागही याच जातीचा. तो बुरशीचा नव्हे. कालव्याचे आवर्तन लांबले म्हणून दहा दिवस झाड तहानलेले ठेवावे आणि पाळी आली की एकदम वाफा तुंबवावा, या क्रमात फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि तेथील पेशी मरतात. थोडे थोडे पण नियमित पाणी आणि बुंध्याशी उसाच्या पाचटाचे आच्छादन, एवढीच त्यावरची तजवीज. डाळिंबाच्या किंवा ढोबळी मिरचीच्या नैर्ऋत्येकडील बाजूवरच पडलेला पांढुरका चट्टा तर दुपारच्या उन्हाचा असतो. यासाठी एक ठोकताळा मनात बाळगावा: उष्णता, क्षार व पाणी यांचा उपद्रव वाफ्यातील साऱ्या झाडांवर बहुधा एकाच वेळी व एकाच प्रकारे दिसतो, सजीव शत्रू मात्र एका कोपऱ्यातून, एका झाडापासून, पुष्कळदा बांधाकडच्या किंवा रस्त्याकडच्या ओळीपासून आरंभ करतो आणि मग पसरत जातो.

रस्त्याकडची ओळ म्हटली की लाल कोळ्याचे नाव आधी येते. हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. वांग्याच्या, भेंडीच्या किंवा गुलाबाच्या पानाचा वरचा पृष्ठभाग टाचणीच्या टोकाएवढ्या असंख्य फिकट ठिपक्यांनी भरतो, मग पान निस्तेज, पिवळट, अखेरीस तपकिरी होते, आणि बागवान समजतो की खत कमी पडले. अशा वेळी कोरा पांढरा कागद पानाखाली धरून त्यावर पान दोन-तीनदा झटकावे आणि कागद क्षणभर स्थिर ठेवून पाहावा; धुळीचे कण असतील तर ते जागच्या जागी पडून राहतात, कोळी असतील तर त्यांतले काही ठिपके चालू लागतात, आणि बोटाने कागद पुसला असता त्यावर लालसर किंवा हिरवट रेघ उमटते. पानाची पाठ उलटून सूर्याकडे धरली तर शिरांच्या बेचक्यात तलम जाळेही दिसते. धुळीने माखलेल्या पानावर त्याचा जोर अधिक असतो; म्हणून पहिला उपाय फवारणीच्या पंपाचा नसून पाण्याचा आहे. सकाळी पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरकस फवारा तीन-चार दिवसांच्या अंतराने मारीत राहिल्यास कोळी, त्याची अंडी आणि धूळ ही तिन्ही धुऊन जातात.

पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी कोळ्यावरही चालते आणि भुरीवरही. परंतु पारा पस्तिशीच्या आसपास गेला असता गंधक पाने भाजून काढते, वेलवर्गीय भाज्यांना तर ते एरवीही सोसत नाही, आणि येथील एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो हे लक्षात घेता या औषधाचा वापर कोणत्या महिन्यात करू नये हे वेगळे सांगावे लागू नये. याहून अधिक गंभीर गोष्ट अशी की, कोळी दिसताच कोणतेही जहाल कीटकनाशक मारणारा मनुष्य कोळ्यावर उपकार करतो. कोळी कीटक नसल्यामुळे अशी बरीच औषधे त्याला फारशी बाधत नाहीत. मात्र त्याला खाणारे परभक्षी कोळी व बारीक ढालकिडे त्यात मरून जातात, आणि पंधरा दिवसांनी तोच कोळी दुपटीने परत येतो.

मिरचीचा चुरडा-मुरडा, ज्याला कोणी बोकड्याही म्हणतात, हा रोग म्हणून एकाच नावाने ओळखला जातो खरा, परंतु त्या एका नावाखाली तीन वेगळे गुन्हेगार वावरतात, आणि त्यांचा निवाडा पानाच्या वळणावरून करता येतो. पानाच्या कडा वरच्या बाजूस वळून पान होडीसारखे झाले असेल तर ते फुलकिड्यांचे काम. कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद होऊन देठ लांबला असेल तर ते डोळ्यांना न दिसणाऱ्या पिवळ्या कोळ्याचे. आणि सगळा शेंडाच बारीक, गुच्छासारखा, खुजा होऊन झाडाची वाढ थांबली असेल तर पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूचे. पहिल्या दोहोंवर इलाज आहे, तिसऱ्यावर नाही. विषाणू शिरलेले झाड उपटून नष्ट करावे, त्यात माया दाखवू नये. भेंडीच्या शिरा पिवळ्याधमक होऊन पानभर जाळी उमटते, तोही याच पांढऱ्या माशीचा प्रताप. मराठवाडा कृषी विद्यापीठाने काढलेला परभणी क्रांती हा वाण या रोगाला दाद न देणारा म्हणून प्रसिद्ध झाला. पिवळे चिकट सापळे झाडांच्या शेंड्याच्या किंचित वर टांगले असता माशी किती आली याची वर्दी वेळेवर मिळते, आणि बंदोबस्ताच्या दृष्टीने या सापळ्यांचे खरे मोल त्या वर्दीत आहे. त्यांवर चिकटलेल्या माश्या मोजून शत्रू संपला असे मानू नये.

जास्वंदीच्या, सीताफळाच्या, पेरूच्या कोवळ्या फांद्यांवर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो तो पिठ्या ढेकूण. त्याचे निदान सोपे आहे, परंतु त्याच्याभोवतीचा सारा संसार बारकाईने पाहण्यासारखा आहे. ढेकूण झाडाचा रस शोषतो आणि गोड, चिकट द्रव टाकतो. त्या द्रवावर काळी बुरशी वाढून पाने काजळी धरतात. त्या द्रवाच्या लोभाने मुंग्या येतात, ढेकणांची पिले एका फांदीवरून दुसरीवर नेऊन ठेवतात आणि त्यांच्यावर चालून येणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावून लावतात. म्हणून मुंग्यांची रांग बुंध्यावर दिसली की ढेकणाचा शोध वर घ्यावा, आणि बुंध्याला चिकट पट्टा बांधून प्रथम मुंग्यांचा मार्ग तोडावा. आता त्या कापसात एखादी अळी ढेकणापेक्षा मोठी, लांब मेणचट धाग्यांनी झाकलेली आणि चांगली चपळ आढळली, तर तिला चिरडण्यापूर्वी हात आवरावा. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी असते. ढेकणासारखाच पेहराव करून ती त्यांच्या वस्तीत शिरते आणि त्यांचाच फडशा पाडते. मूळचा ऑस्ट्रेलियातील हा ढालकिडा १८९८ साली हिंदुस्थानात आणला गेला, आज द्राक्षबागांत तो विकत आणून सोडतात, आणि त्याच वेळी कित्येक परसबागांत तो निव्वळ अज्ञानाने मारला जातो. एवढ्याशा ओळखीवाचून आपण आपल्याच शिपायाला ठार करतो, याची मला मनापासून खंत वाटते.

मित्रकीटकांवर विसंबा असे सांगितले म्हणजे ऊस पिकविणारा शेतकरी पूर्वी मान हलवीत असे, पण २००२ नंतर तसे करणे त्याला कठीण झाले. त्या साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा प्रथम दिसला, आणि वर्षभराच्या आत पश्चिम महाराष्ट्राच्या व उत्तर कर्नाटकाच्या ऊसपट्ट्यांत तो हातपाय पसरून बसला. आग्नेय आशियात व ईशान्य भारतात तो पूर्वीपासून परिचित होता. येथे मात्र तो नवखा, आणि त्याचे नैसर्गिक शत्रू त्याच्या मागोमाग पुरेशा संख्येने पोचलेले नव्हते. पानाच्या पाठीवर, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना, पांढऱ्या लोकरीचा दाट थर बसे. वरच्या पानांतून ठिबकलेल्या गोड द्रवाने खालची पाने काळी पडत. फडातून हिंडणाऱ्या माणसाच्या अंगाखांद्यावर ती लोकर चिकटे. प्रारंभी फवारणीचा सपाटा लावण्यात आला, पण डोक्याच्या वर गेलेल्या, वाऱ्याने लोळलेल्या, आत शिरायला वाट नसलेल्या उसात पानाच्या पाठीवर औषध पोचवायचे कसे, हा प्रश्न कोणालाच सुटेना.

मग शास्त्रज्ञांनी आणि पाठोपाठ शेतकऱ्यांनी त्या लोकरीकडे नीट पाहिले, तेव्हा तीत रेशमी जाळे विणून राहणारी एक हिरवट-तपकिरी अळी आणि एका तपकिरी जाळीदार पंखांच्या किड्याची पिले मावा खाताना आढळली. डिफा आणि मायक्रोमस ही त्यांची शास्त्रीय नावे त्या दोन वर्षांत गावोगाव लोकांच्या तोंडी रुळली, ही आपल्या कृषिजीवनातील अपूर्व घटना म्हटली पाहिजे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कृषी विद्यापीठे आणि साखर कारखाने यांनी जाळीच्या मांडवात मावा लागलेला ऊस राखून त्यावर हे किडे वाढविले. जेथे ते वाढले तेथील पाने कापून दुसऱ्या फडात नेऊन बांधण्यात आली. फवारणी थांबवा असे आग्रहाने सांगण्यात आले. दोन-तीन हंगामांत मावा ओसरला. तो नाहीसा झाला नाही, अजूनही अधूनमधून दिसतो. परंतु त्याच्या मागे त्याचा शत्रूही दिसतो, आणि पीक बुडत नाही. पपईवरील पिठ्या ढेकणाची कथाही याच वळणाची आहे: मेक्सिकोकडील ही कीड २००८ साली कोइंबतूर भागात आढळली, पुढे पुणे भागातही आली, आणि २०१० साली पोर्टो रिकोहून आणलेल्या बारीक परोपजीवी गांधीलमाश्यांनी तिला आटोक्यात आणले.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या झाडावरील अळी ओळखायला मात्र डोळ्यांची थोडी तालीम लागते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी असते, मोठेपणी पानासारखी हिरवी होते, आणि तिला डिवचले की डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. परसातल्या एका झाडावर ती हाताने वेचणे पुरेसे आहे. काकडी, दोडका, कारले यांच्या फळांत अळ्या सापडतात त्या फळमाशीच्या. किडलेली व गळून पडलेली फळे रोज गोळा करून खोल पुरली नाहीत, तर कामगंधाचा सापळा लावूनही काही साधत नाही. डाळिंबाच्या तेल्याविषयी येथे एवढेच सांगतो की, तो जिवाणूजन्य रोग कोरड्या उन्हात दबून असतो आणि वळवाच्या शिंतोड्यांबरोबर उसळतो; फळावरील तेलकट डाग काळा पडून तेथे फळ तडकले की ओळखीत शंका उरत नाही. ज्याची डाळिंबाची मोठी बाग आहे त्याने शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राचा किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा, पुस्तकावर भागवू नये.

औषध लागतेच तेव्हा निंबोळीपासून आरंभ करावा. निंबोळ्या येथे पावसाळ्याच्या तोंडाशी पिकतात, म्हणजे उन्हाळ्यात त्या हव्या असतील तर गेल्या वर्षी वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवलेल्या असल्या पाहिजेत. अर्धा किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यातून पिळून घ्यावी, दहा लिटर होईल एवढे पाणी घालावे, थोडा साबणाचा चुरा मिसळावा आणि त्याच दिवशी उन्हे कलल्यावर फवारणी करावी, कारण यातील गुणकारी द्रव्य कडक उन्हात टिकत नाही. त्यापुढचे विष वापरायची पाळी आली तर डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा: लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. फवारणी आणि भाजीची तोडणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यावे हे तेथेच छापलेले असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. तोंडावर फडके, हातात मोजे आणि वाऱ्याची दिशा या गोष्टी कागदावरच्या औपचारिक सूचना नाहीत, हे त्या मृत्यूंनी सर्वांना दाखविले आहे.

आता जमिनीच्या खालचा मामला. दुपारी मान टाकणारे आणि पाणी देऊनही न सावरणारे टोमॅटोचे किंवा वांग्याचे झाड हलक्या हाताने, मातीसकट उपटून मुळे धुऊन पाहावीत. मुळांना जागोजाग गाठी असतील तर ते सूत्रकृमी होत. चवळीच्या किंवा भुईमुगाच्या मुळांवरील उपयुक्त गाठींशी यांची गल्लत करू नये: त्या उपयुक्त गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने सहज निघतात आणि आत गुलाबी असतात, सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते, ती मूळ तोडल्यावाचून निघत नाही. या शत्रूवर उन्हाळा हाच मोठा उपाय. वाफा खणून, ढेकळे फोडून, चांगला ओला करून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद पसरावा, कडा मातीत दाबाव्यात आणि चार ते सहा आठवडे तो तसाच ठेवावा. काळा कागद येथे उपयोगी नाही, कारण तो उष्णता आपल्याकडेच ठेवतो, मातीत उतरू देत नाही. पुढच्या पिकाच्या आधी किंवा बरोबरीने झेंडू लावल्यास सूत्रकृमींचे बळ आणखी कमी होते.

आणि शेवटी हुमणी, जिचे नाव घेतले की या भागातील ऊस, भुईमूग व परसबाग यांच्यात भेद उरत नाही. शेणखताच्या खड्ड्यात जाडजूड पांढरी अळी दिसली की लोक घाबरतात. ती बहुधा गेंडाभुंग्याची असते, कुजके खाते आणि जिवंत मुळांशी तिला कर्तव्य नसते. खरी हुमणी झाडाच्या मुळाशी सापडते, वाटोळी वळून पडलेली, तपकिरी डोक्याची. तिचे भुंगेरे हिवाळ्यापासून जमिनीत खोल निपचित पडून असतात आणि वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की त्याच संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, शेकड्यांनी बाहेर पडतात. बाभळीवर, कडुनिंबावर, बोरीवर ते बसतात, पाला कुरतडतात, तेथेच त्यांचा समागम होतो, आणि उजाडण्यापूर्वी ते पुन्हा जमिनीत शिरतात. रोहिणीपासून मृगापर्यंतचे हे तीन-चार आठवडे तेवढे आपल्या हातात असतात. झाडाखाली जुने धोतर किंवा ताडपत्री अंथरावी, आकड्याने फांद्या जोराने हलवाव्यात, पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. शेजारी दिवा व खाली पाण्याचे घमेले ठेवून प्रकाश सापळाही करता येतो. एका मादीपासून साधारण पन्नास-साठ अंडी होतात. भुंगेरा उडणारा असल्यामुळे एकट्याने स्वतःच्या बांधापुरते हे केले तर अर्धे काम वाया जाते. बांधावरील कडुनिंब कोणाच्या सातबाऱ्यावर आहे हा वाद तेवढ्या संध्याकाळी बाजूला ठेवून आळीने, वस्तीने, शक्य तर गावाने मिळून झाडे झोडपली पाहिजेत.

तुकोबारायांची पालखी सणसर, बेलवाडीवरून पुढे जाते तोवर अंडी मातीत गेलेली असतात आणि कोवळ्या अळ्या कुजलेल्या पदार्थांवर जगू लागतात; त्या वेळी मेटारायझियम ही परोपजीवी बुरशी चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून झाडांच्या बुंध्याशी द्यावी, कारण ओल असेपर्यंतच ती बुरशी वाढते. श्रावण-भाद्रपदात अळी मोठी होऊन मुळे तोडू लागल्यावर तिच्यावर औषधाचा परिणाम फारसा होत नाही. मग सुकणारे झाड खणून बुंध्याखालची अळी हाताने वेचायची, आणि पुढच्या वर्षीच्या वळवासाठी आकडा, ताडपत्री व घमेले जागच्या जागी ठेवायचे.